कोऱ्या तारीखपट्टीची पुस्तकं

सोमवार, ४ डिसेंबर २००६

मिळाली! नऊ वर्षं, सहा अर्ज आणि तीन प्रिन्सिपल झाल्यावर आज एकदाची परवानगी मिळाली. सरांनी फाइलवर सही केली आणि चहाची बशी सरकवावी तशी ती माझ्याकडे सरकवली. मी बाहेर येऊन जिन्यातच उभी राहिले.

घरी आल्यावर ह्यांना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सुरुवात केली तेव्हा ह्यांनी कपाटातून ही कोरी वही काढून हातात दिली. "हिला सांग. ही उठून जात नाही." बरं, तर आता हिला सांगते.

मी उर्मिला, भाईंदरच्या या कॉलेजात एकवीस वर्षं ग्रंथपाल. आमच्या लायब्ररीत मुलांना पुस्तकांपर्यंत जाता येत नाही. मध्ये लोखंडी जाळी, जाळीला खिडकी. मुलानं चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहायचं, चिठ्ठी खिडकीतून आत द्यायची, मग आमचे शिपाई कोंडिराम रॅकमधून पुस्तक काढून आणणार. म्हणजे पुस्तक बघायच्या आधी त्याचं नाव ठाऊक पाहिजे! ज्याच्या घरात आजवर पुस्तकच आलेलं नाही, त्यानं नाव कुठून आणायचं? मला ती जाळी काढायची आहे. मुलांनी रॅकमधून फिरावं, हात लावावा, चाळावं, नको वाटलं तर परत ठेवावं. याला आमच्या भाषेत मुक्तद्वार म्हणतात. बाकी मला काही नको.

अट एकच, पण भारी. १३ फेब्रुवारीला मूल्यांकन समिती येतेय. तोवर हॉल तयार झाला नाही, तर तो मॅनेजमेंटच्या नव्या कोर्सला जाणार आणि लायब्ररी कँटीनमागच्या दोन खोल्यांत. सर हे हसत हसत म्हणाले. ते हसत म्हणतात तेच खरं करतात.

गुरुवार, ७ डिसेंबर

दिवसभर टेप घेऊन हॉल मोजत होते. टेपचं दुसरं टोक कोंडिरामकडे. दोन रॅकमध्ये तीन फूट जागा हवीच, नाहीतर दोघी समोरासमोर आल्या की एकीला उलटं चालत बाहेर यावं लागेल. तेवढी जागा सोडली तर सात हजार तीनशे पुस्तकं बसतात. आमच्याकडे साडेनऊ हजार. म्हणजे दोन हजारांवर पुस्तकं काढून टाकायची. तीनदा हिशोब केला, तिन्ही वेळा तेच आलं.

कुठली काढायची? प्रत्येक प्राध्यापक आपापल्या विषयाची बाजू घेऊन भांडणार, हे ठरलेलं. मला भांडण नको, नियम हवा. नियम हातात आहेच. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारीखपट्टी चिकटवलेली असते. पुस्तक घरी गेलं की तिच्यावर शिक्का पडतो. ज्या पट्टीवर २००० सालानंतर एकही शिक्का नाही, ते पुस्तक बाद. माझं नाही, तुझं नाही. पट्टी सांगेल ते.

इश्यूचं रजिस्टर काढून बघितलं तर लाज वाटली. दिवसाला सरासरी अकरा पुस्तकं घरी जातात. अकरा! आणि वाचनकक्षात साठ खुर्च्या, सकाळी सातपासून एक रिकामी नसते. मग ही पोरं करतात काय? पंख्याखाली बसायला येतात? काउंटरवर कोंडिरामचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो, त्यात ओळखपत्रं गच्च भरलेली. "एवढी कार्डं कसली हो?" विचारलं. "बसलेल्यांची हायेत म्याडम," म्हणाले. बसायला कार्डं द्यायची आणि वाचायचं काही नाही! पण दोष त्यांचा नाही, जाळीचा आहे. जाळी गेली की वाचतील.

शुक्रवार, १५ डिसेंबर

छाटणी सुरू झाली. मी पुस्तकाचं शेवटचं पान उघडते, पट्टी बघते, "बाद" किंवा "राहू दे" म्हणते. कोंडिराम त्याप्रमाणे ढीग करतात. दिवसाला तीनशे पुस्तकं होतात. आणखी वेग हवा.

वेग कमी होतोय तो कोंडिराममुळे. बाद म्हटलेलं पुस्तक ते ढिगावर ठेवतच नाहीत, हातात धरून उभे राहतात. आज संख्याशास्त्राचं एक जुनं मराठी पुस्तक निघालं, लाल कापडी बांधणीचं. पट्टी कोरी करकरीत, एकही शिक्का नाही. बाद म्हटलं.

"म्याडम, हे ऱ्हाऊ द्या."

"का?"

"चांगलं हाय."

"चांगलं आहे तर कुणी नेलं का नाही?"

"एकच कापी हाय ना. ती कशी नेनार?"

"कोंडिराम, नियम एकदा मोडला की नियमच राहत नाही. ठेवा."

ठेवलं, पण दुपारी मी जेवून येते तर तेच पुस्तक कपाटावर चढवून ठेवलेलं! मीच स्टुलावर चढून काढलं. पाठ निसटली होती, कुणीतरी जाड दोऱ्यानं शिवली होती. पानांच्या कडा काळ्याकुट्ट. न वाचताच ही दशा, म्हणजे बांधणी किती फालतू असेल. हात दोनदा साबणानं धुवावे लागले.

मला कोंडिरामचं कळतं. तेवीस वर्षं त्या खिडकीत बसले. मुलं 'मामा, मामा' करत खिडकीशी येतात. जाळी गेली की खिडकी गेली आणि खिडकी गेली की मामांना कोण विचारणार? माणूस दुखावणारच. पण त्यासाठी मी मुलांना अडवून ठेवू का?

गुरुवार, २८ डिसेंबर

डोकं फिरायची वेळ आली आहे. फरशीवाला तारीख देतो आणि येत नाही. सुतार येतो आणि फरशीवाल्याची वाट बघत बिड्या ओढतो. रॅकचा रंग प्रिन्सिपलसरांना चॉकलेटी हवा, मला पांढरा. चॉकलेटीत उजेड मरतो हे समजावता समजावता माझा आवाज चढला. मग मीच सॉरी म्हणाले. रंग पांढराच लागणार.

त्यात सकाळी कोंडिराम केबिनमध्ये आले आणि तो पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. झाकण उघडलं. "बघा म्याडम." काय बघायचं? कार्डं होती, नेहमीची. मी फोनवर फरशीवाल्याशी भांडत होते. खुणेनंच म्हटलं, उचला तो डबा, कोटेशन त्याच्याखाली अडकलंय. उचलून गेले. दुपारी विचारायचं ठरवलं होतं, राहिलं.

संध्याकाळी एक मुलगी दारात उभी होती. राजश्री, टी.वाय.ला आहे, अर्थशास्त्र. वाचनकक्ष किती दिवस बंद राहणार, विचारत होती. म्हटलं, जेमतेम चार आठवडे, घरी बस वाचत. ती म्हणाली, "गोडदेवला राहतो आम्ही, मॅडम. बाजूला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना आहे. सकाळी आठला ठोकाठोकी चालू होते, ती रात्रीपर्यंत. आईला ऐकूच येत नाही आता. मला अजून येतंय." सांगताना हसली. तिच्या घरात ती पहिलीच, बारावीच्या पुढे गेलेली. मार्चच्या परीक्षेत पास झाली तर बी.ए., मग नर्सरी शाळेत का होईना नोकरी. नापास झाली तर वडिलांनी तिच्यासाठी त्याच कारखान्यात पॅकिंगचं काम बघून ठेवलंय.

मला भरून आलं. हिच्यासाठीच तर चाललंय सगळं! तिला नकाशा दाखवला. इथे रॅक, इथे खिडकीपाशी टेबलं, सातपासून सातपर्यंत उघडं, तू स्वतः पुस्तक काढायचंस. ती नकाशा बघत राहिली. मग म्हणाली, "पुस्तकं हीच असणार ना, मॅडम?"

"चांगली चांगली असणार," मी म्हटलं. तिला आणखी काही बोलायचं होतं, पण सुताराचा फोन आला.

शुक्रवार, ५ जानेवारी २००७

दोन हजार एकशे चाळीस पुस्तकांवर 'रद्द' शिक्का मारून झाला. दाखल-नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाच्या आकड्यासमोर लाल शाईनं रेघ, शेजारी माझी सही. दोन हजार एकशे चाळीस सह्या! अंगठा सुजलाय. लायब्ररी कमिटीनं मंजुरी दिली. पाच मिनिटांत दिली, वडे थंड होत होते म्हणून. आज दुपारी काशीगावच्या रद्दीवाल्याचा टेम्पो आला आणि घेऊन गेला.

काल कोंडिराम म्हणाले होते, "टेम्पो यायच्या आदी एक दिवस सांच्याला काउंटरवर बसा म्याडम. नुसतं बसा." मला काउंटरवर बसायला वेळ आहे का आता? आणि आज हे आजारी! चिठ्ठी पाठवली, पोट बिघडलं. पोट नाही, तोंड फुगलंय. गठ्ठे उचलायला सुतारांना विनवावं लागलं.

टेम्पो वळला तेव्हा त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले, हे लिहायला हवं. पुस्तकंच ती शेवटी. पण वर आले, रिकामा हॉल बघितला आणि इतकं हलकं वाटलं की मोठ्यानं हसले.

शनिवार, २० जानेवारी

आज काही झालं नाही, म्हणूनच लिहितेय. चोवीस दिवस उरले. फरशी अर्धी. मी हॉलमध्ये इकडून तिकडे चालते आणि सुतार मला वळसा घालून जातात. मुलं जिन्यात बसून वाचतायत, वह्याच नुसत्या. राजश्री खालून तिसऱ्या पायरीवर असते. तिला ओलांडून जाताना रोज ओशाळल्यासारखं होतं, आणि रोज मी फरशीवाल्यावर चारपट ओरडते.

सोमवार, ५ फेब्रुवारी

उघडलं.

पांढरे रॅक, खिडकीतून उजेड, जाळी नाही, जाळीची खिडकी नाही. सकाळी साडेसहालाच जाऊन उभी राहिले. सातला मुलं आली. आली, आणि उंबऱ्याशी थांबली. पहिल्या मुलानं खाली बघितलं, फरशी चकचकीत, त्यानं चपला काढल्या. मग मागच्यांनी काढल्या. दाराबाहेर साठ-सत्तर चपला, एखाद्या कार्यासारख्या! आत येऊन सगळी जिथं काउंटर होता तिथं रांगेत उभी राहिली. समोर नुसती भिंत. "अरे जा ना! आत जा, घ्या हवं ते!" मी म्हणतेय, आणि कुणी हलेना. माझा गोंधळ, मुलांचा गोंधळ. कोंडिराम हात मागे बांधून कोपऱ्यात उभे.

हसावं की रडावं कळेना. अकरापर्यंत काहीजण रॅकमध्ये शिरले. एका मुलानं एक पुस्तक काढलं, माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईनं परत आत घातलं. होईल सवय. पण मला आजच व्हायला हवी आहे ना!

बुधवार, ७ फेब्रुवारी

कुठून सुरुवात करू?

सकाळी राजश्री आली. रॅकमधून दोन फेऱ्या मारल्या, मग माझ्याकडे. "मॅडम, संख्याशास्त्राचं मराठी पुस्तक कुठं ठेवलंय? लाल कापडाचं. दोऱ्यानं शिवलेलं."

मी म्हटलं, "ते तुला कसं माहीत?"

"रोज तेच वाचते ना मी. मी आणि खालच्या वर्गातल्या दोघी. मामा कार्ड ठेवून घेतात आणि देतात. शिवलंय पण मामांनीच."

मी म्हटलं, बघते. मला अजूनही कळलं नव्हतं. दहा वाजता एक मुलगा आला, राज्यशास्त्राचं पुस्तक. रद्द. मग दोन मुली, इतिहास. रद्द. वाणिज्यचा एक मुलगा, त्याला नावच माहीत नव्हतं, "मामा देतात ते, निळं, मागची पानं नसलेलं." मी नोंदवहीत बोट फिरवत होते आणि प्रत्येक आकड्यावर माझीच लाल रेघ. दुपारपर्यंत चौदा झाली. चौदाच्या चौदा.

मग मी कोंडिरामना केबिनमध्ये बसवलं आणि विचारलं. त्यांनी सांगितलं. एकच प्रत असलेलं पुस्तक घरी द्यायचं नाही. मुलानं कार्ड ठेवायचं, पुस्तक वाचनकक्षात वाचायचं, संध्याकाळी परत द्यायचं, कार्ड न्यायचं. शिक्का मारायचा नाही, रजिस्टर नाही, काही नाही. जी पुस्तकं सगळ्यात जास्त लागतात तीच घरी जात नाहीत, म्हणून त्यांच्याच पट्ट्या कोऱ्या. साठ खुर्च्या, साठ कार्डं, साठ पुस्तकं. रोज.

"ही पद्धत कुणी घातली?" मी विचारलं.

ते उठले. फायलींच्या कपाटातून एक परिपत्रक काढून समोर ठेवलं. ऑगस्ट १९९७. 'गर्दी टाळण्यासाठी वाचनकक्षातील पुस्तकांची नोंद यापुढे करू नये. ओळखपत्र ठेवून पुस्तक द्यावे.' खाली माझी सही. काउंटरवरची रांग लवकर हलावी म्हणून मीच काढलं होतं. आणि मग केबिनमध्ये बसून दहा वर्षं इश्यूचे आकडे मोजत बसले.

मी पोरांना मूर्ख समजत होते. पंख्याखाली बसायला येतात म्हणत होते.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

काशीगावला गेले, कोंडिराम बरोबर. हायवेपासून आत रद्दीवाल्याचं गोदाम, छपरापर्यंत पुठ्ठे आणि वर्तमानपत्रं. शेठ बघून हसला.

"मॅडम, वो माल तो वापी गया, मिल में. अब तक तो लुगदी बन गयी होगी."

मी म्हटलं, सगळं? तो म्हणाला, "थोडा पीछे पडा है, कव्हर अलग करने का बाकी था. देख लो, पर जल्दी."

मागे पत्र्याखाली ढीग होता. काहींचे पुठ्ठे उचकटून झाले होते. मी एकेक उचलून नाव वाचत होते. कोंडिराम वाचत नव्हते, कडेवरून हात फिरवायचे आणि बाजूला काढायचे. मी दहा काढेपर्यंत त्यांची चाळीस झाली. कडा काळी असेल ते लागणारं पुस्तक, एवढाच त्यांचा नियम. तीन तासांत दोनशे बारा मिळाली. लाल मिळालं नाही. ढीग पुन्हा उलटला, तळापर्यंत. नाही.

परत येताना मी भडकले. स्वतःवरचा राग त्यांच्यावर काढला, दुसरं काय. "तुम्हाला ठाऊक होतं तर सांगितलं का नाहीत मला?"

ते बाहेर बघत म्हणाले, "सांगितलं की. तीनदा सांगितलं."

घरी येऊन या वहीची मागची पानं उलटून बघितली. १५ डिसेंबर. २८ डिसेंबर. ५ जानेवारी. माझ्याच अक्षरात तिन्ही वेळा लिहिलेलं आहे. ते काय म्हणाले तेही, मी काय म्हटलं तेही. मी लिहून ठेवलं आणि ऐकलं नाही. ह्यांना वाचून दाखवलं. ते नेहमीसारखं काही टोचून बोलतील वाटलं होतं. त्यांनी फक्त मला पाणी आणून दिलं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

समिती आली. तिघं होते, चपला बाहेर बघून खूश झाले. रॅकमधून फिरले, मुलांशी बोलले. अध्यक्ष म्हाताऱ्या, मोठ्या विदुषी. नोंदवही मागितली. लाल रेघांवरून बोट फिरवत म्हणाल्या, इतकी धाडसी छाटणी करायला आपले ग्रंथपाल घाबरतात, तुम्ही कुठला निकष लावलात?

मी म्हटलं, "तारीखपट्टी."

"वा. शास्त्रशुद्ध. हे लिहून घ्या," त्या शेजारच्यांना म्हणाल्या. प्रिन्सिपलसरांचा चेहरा फुलला. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. हॉल जाईल, जाळी परत येईल, कँटीनमागच्या खोल्या... एवढं सगळं एका क्षणात मनात आलं आणि मी चहा घेणार का विचारलं.

कोंडिराम बशा घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवार, ६ मार्च

हॉल आपल्याकडेच राहिला. सरांनी पेढे वाटले. मी माझा पेढा ड्रॉवरमध्ये ठेवला, त्याला मुंग्या लागल्या.

लाल पुस्तक बाजारात नाही, छापणारी मंडळीच बंद पडली. अकरा कॉलेजांत फोन केले. शेवटी वसईच्या ग्रंथपाल आशाकडे एक प्रत निघाली. "इथं कुणी वाचत नाही गं, पट्टी बघ, कोरी आहे," ती म्हणाली. म्हटलं, तुझ्या शिपायाला विचारून मग दे. तिनं विचारलं, आणि खरंच कुणी वाचत नव्हतं. कोंडिराम स्वतः जाऊन घेऊन आले. पण राजश्रीचे दोन महिने गेले ते गेलेच, आणि पेपरला सतरा उरलेत. ती सातला येते, सातला जाते. मी खिडकीपाशी पाण्याची बाटली भरून ठेवते. माफी मागितली तिची. ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला माहीत नव्हतं." हे ऐकायला शिवीपेक्षा वाईट वाटलं.

गोदामातून आणलेली दोनशे बारा पुस्तकं दाराजवळच्या रॅकवर ठेवली आहेत. रद्द झालेला आकडा परत देता येत नाही, म्हणून त्यांना आकडा नाही. आणि संध्याकाळी टेबलावरची पुस्तकं उचलायच्या आधी कोंडिराम ती मोजतात आणि फळ्यावर लिहितात. काल एकशे त्रेसष्ट. घरी गेली ती नऊ.

शुक्रवार, २३ मार्च

राजश्रीचा पेपर झाला. बाहेर आली ती घामाघूम. "दोन गणितं सुटली, मॅडम. म्हणजे राहिली. बाकी लिहिलंय. पास व्हायला पाहिजे." पाहिजे, म्हणाली. होईन, नाही म्हणाली. निकाल जूनमध्ये. तोवर मला चैन पडणार नाही आणि पडूही नये.

दुपारी सरांनी बोलावलं. समितीच्या अध्यक्षांनी सुचवलंय म्हणे, आपल्या छाटणीवर कार्यशाळा घ्या. दहिसरपासून विरारपर्यंतचे चोवीस ग्रंथपाल येणार. विषय: 'न वाचलेल्या पुस्तकांतून मोकळी जागा'. मुख्य वक्ता मी. सर म्हणाले, "उर्मिलाताई, हे आपल्या कॉलेजचं नाव आहे हं." मी हो म्हटलं. हो म्हणून बाहेर आले आणि जिन्यात उभी राहिले. आज घरी जाऊन सांगायची घाई नव्हती.

शनिवार, २१ एप्रिल

कार्यशाळा झाली. जसं घडलं तसं लिहिते.

भाषण दोन पद्धतींनी तयार केलं होतं. एक सरांना दाखवलेलं, सात पानी. दुसरं एकाच कागदावर. सकाळपर्यंत ठरलं नव्हतं कुठलं काढायचं. ह्यांनी निघताना विचारलं, "कुठलं?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग तिथं जाऊन कोंडिरामांच्या शेजारी बस पाच मिनिटं," म्हणाले. बसले. ते पाण्याचे ग्लास पुसत होते. मी म्हटलं, "कोंडिराम, आज सांगते." त्यांनी एक ग्लास भरून माझ्या हातात दिला.

उभी राहिले. पहिल्या रांगेत सर. म्हटलं, "या कॉलेजनं दोन हजार एकशे चाळीस न वाचलेली पुस्तकं रद्दीत दिली, असं तुम्हाला कार्यशाळेच्या पत्रात कळवलंय. ते खोटं आहे. त्यातली बरीच इथली सगळ्यात जास्त वाचली जाणारी पुस्तकं होती. मी ती वेचून वेचून काढली. कशी, ते सांगते." सर खुर्चीत सावरून बसले, मग त्यांनी मान खाली घातली. सोमवारी बोलावणं येणार, मेमोही येईल. येऊ दे.

मी कोऱ्या पट्टीचं सांगितलं, कार्डांच्या डब्याचं, माझ्या परिपत्रकाचं. कुणी हसलं नाही. आधी वह्या उघडून बसलेले होते ते सगळे लिहायचे थांबले होते. लाल पुस्तकापर्यंत आले होते तेवढ्यात मधल्या रांगेतून दहिसरच्या कॉलेजातली एक ग्रंथपाल उभी राहिली. तरुण, नवी लागलेली असावी. मला वाटलं प्रश्न विचारतेय.

"मॅडम, आमची अकराशे आहेत," ती म्हणाली. "तुमचंच पत्र वाचून काढली. टेम्पो आज साडेतीनला येणार आहे."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं. मी माईक टेबलावर ठेवला, पर्समधून मोबाइल काढला आणि रांगेत शिरून तिच्या हातात दिला. तिनं नंबर सांगितला, कोंडिरामनी दाबला. ती बोलत बोलत बाहेर गेली. आम्ही सगळे दाराकडे बघत राहिलो.

दहा मिनिटांनी ती दारात आली.

"टेम्पो आधीच आला होता, निम्मे गठ्ठे चढवले होते," ती म्हणाली. "उतरवतायत."

मग ती जागेवर जाऊन बसली आणि तिनं वही उघडली. तिच्या शेजारणीनंही उघडली. मी माईक उचलला.